शेजारची पात

सकाळी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमधून "खाली... वर! खाली... वर!" असा आवाज आला, की गल्लीतल्या घरांत चहाची भांडी गॅसवर चढायची. घड्याळाकडे कोणी बघत नसे. पौर्णिमा मॅडमची व्यायामाची बॅच सुरू झाली म्हणजे उजाडलं, एवढं पुरे होतं. अमरावतीच्या त्या भागात तिचा आवाज गेली कित्येक वर्षं असा रोजच्या व्यवहारात मिसळून गेला होता.

आवाज मोठा ठेवणं भागच होतं. हॉल लांबलचक, वर पत्रे, पंखे कुरकुरणारे, आणि समोर बायकांच्या रांगा. कोणी सासूची तक्रार शेजारणीच्या कानात सांगत असायची, कोणी बैठक मारताना पाठ गोल करायची. पौर्णिमाची नजर सगळीकडे फिरायची आणि नजरेच्या मागोमाग आवाज. "साधनाताई, कंबर सरळ! आरती, श्वास काहून रोखला?" सकाळची बॅच झाली की दुपारी घरोघरी, कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा. संध्याकाळी पुन्हा हॉल.

नवरा गजेंद्र नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होता. त्याला सणाची सुट्टी होती, आजारपणाची रजा होती. तो कधी रजेचा अर्ज लिहायला बसला की पौर्णिमा म्हणायची, "एक माह्यासाठीबी लिहा. 'प्रति, पौर्णिमा मॅडम' म्हणून."

"मंजूर होईन का?"

"नाई होनार. लय खडूस बाई हाये ते."

दोघंही हसायची. पण त्या थट्टेत खरं दुखणं होतं. ज्याचा मालक कोणी नाही, त्यानं रजा मागायची कोणाकडे? दुकानदार कुलूप लावून लग्नाला गेला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं, कारण साखर लागतेच. व्यायामाचं तसं नसतं. पहाटे मोठ्या मुश्किलीनं अंथरुणातून उठायला शिकलेली बाई चार दिवस झोपू द्या, पाचव्या दिवशी अंथरूण जिंकतं. नाहीतर ती दुसऱ्या क्लासला जाते.

हे पौर्णिमाला पुस्तकातून कळलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे रूपालीचा क्लास होता. दोन वर्षांपूर्वी रूपाली बाळंतपणासाठी माहेरी बार्शीटाकळीला गेली, तेव्हा तिच्या चार बायका पौर्णिमाकडे आल्या. पौर्णिमानं त्यांना घेतलं. रूपाली परत आली, तिनं क्लास पुन्हा उघडला, पण त्या चौघी पौर्णिमाच्या हॉलमध्येच राहिल्या. 'परत जा' असं त्यांना कोणी म्हणालं नाही. रस्त्यात भेट झाली की रूपाली मान दुसरीकडे वळवायची. पौर्णिमाही मग भाजीच्या गाडीकडे बघायची. तेव्हापासून तापात, पावसात, सासऱ्यांच्या तेरवीच्या दिवशीसुद्धा पौर्णिमा हॉलवर हजर राहिली. सुट्टी घेणाऱ्याचं काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. नव्हे, तिच्याच हॉलमध्ये चटया टाकून ते बसलेलं होतं.

आणि त्या श्रावणात तिचा आवाज बसला.

आधी नुसती खरखर होती. मग वरचे सूर गेले. शेवटी सकाळी तोंड उघडलं की कुलपात गंजलेली किल्ली फिरवावी तसा आवाज यायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घालून पडद्यावर चित्र दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी.

"ओरडून ओरडून झाल्यात," त्या म्हणाल्या. "गाणाऱ्यांना होतात, शिक्षकांना होतात. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण जास्त येतो. आत्ता ऐकलंत तर बहुतेक अशाच विरतील. नाही ऐकलंत तर चाकू लावावा लागेल, आणि त्यानंतर आवाज हाच राहील असं मी लिहून देणार नाही. उद्यापासून मौन."

उद्यापासून म्हटल्यावर पौर्णिमानं काय करावं? तिनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर सगळा क्लास बोलून ठेवला. आजचं बोललेलं चालतं, असा तिचा हिशोब. अख्खा तास घसा ओढत मोजत राहिली, सूचना देत राहिली. गजेंद्रनं येताना एक पाटी आणि खडूची डबी आणली.

"दुकानदार इचारे, पोरगं कोन्त्या वर्गात हाये म्हने. मी म्हटलं, बायको हाये."

पौर्णिमानं पाटीवर लिहिलं, 'हसू नका.'

सकाळी तिनं हॉलच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवला, पाटीवर लिहिलेलं सगळ्यांना दाखवलं, 'मी बोलणार नाही. मोबाइल बोलेल.' आणि क्लास सुरू झाला. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग स्पीकरमधली पौर्णिमा एकदम ओरडली, "साधनाताई, कंबर सरळ!"

सगळ्या बायकांनी मागे वळून पाहिलं. साधनाताई त्या दिवशी आलेल्याच नव्हत्या.

हॉल हसून हसून आडवा झाला. "अवं मॅडम, साधनाताईची कंबर घरी सरळ झाली असन!" कोणीतरी म्हणालं. पौर्णिमाही हसली, पण स्पीकर हसायला थांबला नाही. तो पुढचे आकडे मोजत राहिला. ज्या हसत होत्या त्या मागे पडल्या आणि मग गाठण्यासाठी घाई करू लागल्या. त्या घाईत शेवटच्या रांगेतली आरती पाठ वाकडी करून झटक्यानं उठायला लागली. पौर्णिमाला ते हॉलच्या दुसऱ्या टोकाहून दिसलं. धावत पोचायला वेळ नव्हता.

"थांब!"

शब्द अर्धाच निघाला. उरलेली नुसती हवा. आरती मात्र थांबली, कारण असला भयंकर आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. पाठ वाचली. पण पौर्णिमा गळा धरून चटईवर बसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते घशाच्या दुखण्यानं आलं असं बायकांना वाटलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या. दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं. पौर्णिमानं दाराला चिठ्ठी लावली, 'रविवारपर्यंत बंद', आणि ती तेल्हाऱ्याजवळच्या माहेरी गेली. रविवारच्या पुढे काय लिहायचं, ते तिला सुचलं नव्हतं. सोमवारपासून पुन्हा हॉल उघडायचा तर आवाज जाणार होता. बंद ठेवायचा तर हॉल जाणार होता.

आई पार्बताबाई वावरात निघायच्याच बेतात होती. लेकीच्या हातात पाटी बघून तिनं कपाळावर हात मारला.

"व माय! लहानपनापासून बोंबलून थकली मी, गप बस, गप बस. ऐकलं नाई. आता डॉक्टरले पैसे देऊन गप बसली."

पौर्णिमा हसली आणि आईच्या मागे वावरात गेली. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती. मधे पावसानं उघडीप दिली होती आणि काळ्या मातीत पाऊल टाकलं की चप्पल जड होत होती. निंदणाला, गवत काढायला, गावातल्या बायका आल्या होत्या. प्रत्येकीनं आपापली पात धरलेली, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींमधला आपला पट्टा. हातात विळा, डोक्यावर पदर, आणि एका सरळ रेषेत सगळ्या पुढे सरकत होत्या. पौर्णिमा बांधावर निंबाखाली बसली.

निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. झोळीतलं लेकरू रडायला लागलं, तशी मधली एक तरुण बाई विळा तिथंच मातीत खोचून उठली आणि बांधाकडे आली. लेकराला पदराखाली घेऊन बसली. पौर्णिमानं तिच्याकडे पाहिलं, मग वावराकडे. त्या बाईची पात मागे पडली नव्हती. डावीकडची थोडी उजवीकडे सरकून तिचं गवत काढत होती, उजवीकडची थोडी डावीकडे. कोणी कोणाला काही म्हणालं नव्हतं. रेषा थोडी हळू झाली, एवढंच. लेकरू झोपल्यावर ती बाई परत गेली, तर तिचा विळा कोणीतरी उचलून पुढे आणून ठेवला होता. तिनं तो घेतला आणि रेषेत बसली.

पौर्णिमानं शाळेत असताना सुट्टीत इथंच निंदण केलं होतं. हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. आज ते नव्यानं दिसल्यासारखं वाटलं. आई पाणी प्यायला आली, तेव्हा तिनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कापूस वेचताना पण असं करतात का?'

पार्बताबाईनं पाटी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "वेचनीत? येडी हायेस का वं? वेचनीत ज्याच्या त्याच्या ओटीचं वजन होते. कोनी कोनाच्या पातीत हात घालन तर भांडनं लागतीन. निंदनात कायचं भांडन? गवत कायले कोन घरी नेते?"

ती पाणी पिऊन गेली. पौर्णिमा पाटी मांडीवर घेऊन बसून राहिली. आपण इतकी वर्षं आपल्या कामाला वेचणी समजत आलो, असं तिच्या मनात आलं. एक एक बाई म्हणजे एक एक बोंड. आज आपण वेचलं नाही तर उद्या दुसरी वेचेल. रूपालीच्या चार बायका तिनं अशाच ओटीत टाकल्या होत्या. पण बायकांच्या पाठी सरळ करणं, गुडघ्यांना बळ आणणं, हे तर निंदणासारखं होतं. रोज उगवणारं, रोज काढावं लागणारं, आणि घरी कोणालाच नेता न येणारं.

शेजारची पात धरायची तर शेजारीण हवी. तिची शेजारीण दोन गल्ल्यांवर होती आणि मान वळवून चालत होती.

रविवारी संध्याकाळी अकोल्याहून गाडी बदलून ती अमरावतीला उतरली आणि घरी न जाता रूपालीच्या दारात उभी राहिली. रूपालीनं दार उघडलं. कडेवर पोरगी होती. पौर्णिमानं बसमध्येच लिहून ठेवलेली पाटी पुढे केली. 'माझा आवाज बसला आहे. दोन आठवडे बोलायचं नाही. माझी बॅच घेशील का? त्या दिवसांचे पैसे तुझे. तुला सुट्टी लागेल तेव्हा मी तुझी बॅच घेईन आणि तुलाच परत देईन.'

रूपालीनं ती दोनदा वाचली. मग पोरीला खाली ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"म्हन्जे तुमाले खरंच बोलाले बंदी हाये?"

पौर्णिमानं मान हलवली.

"एक शब्द नाई?"

नाही.

"मंग बसा. असा मोका मले पुन्हा नाई भेटनार. दोन वर्षाचं बोलून घेतो मी आज."

आणि ती बोलली. "चार बाया गेल्या त्याचं मले काही नाई, पौर्णिमाताई. बाई हाये ते, कापसाचं गाठोडं नाई, इकडून उचलून तिकडं ठेवाले. जिथं जीव रमन तिथं जाईन. पन तुमी एक फोन नाई केला. 'रूपाली, तुह्या बाया माह्याकडं आल्या, काय करू?' एवढंच इचारलं असतं, तरी मी म्हटलं असतं, ठेवून घ्या. पोरगी झाली, तिले कावीळ झाली, मी इथं परत आली तं चौघी तुमच्याकडं, बाकीच्या घरी बसलेल्या, हॉल रिकामा. रस्त्यात तुमी भेटल्या अन् टमाटे पाहून राहिल्या!"

पौर्णिमानं खडू उचलला. 'मी त्यांना बोलावलं नव्हतं' असं लिहिलं आणि दाखवण्याआधीच पुसलं. पुन्हा लिहिलं, 'तू पण कधी बोलली नाहीस.' तेही पुसलं. बोलता येत असतं तर ही दोन्ही वाक्यं तिच्या तोंडून केव्हाच गेली असती, आणि मग रूपालीनं पुढचं काही सांगितलं नसतं. आता ऐकण्यावाचून गती नव्हती. बाळंतपणानंतर पाठ किती दुखायची ते रूपालीनं सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये मोजक्या जणींसमोर तीस जणींसाठीचा आवाज काढायची लाज कशी वाटायची ते सांगितलं. शेवटी दमली आणि गप्प झाली. खालची पोरगी खडूची डबी उघडून एक खडू चाखून पाहत होती.

पौर्णिमानं पाटीवर लिहिलं, 'चुकलं माझं.' आणि हे मात्र पुसलं नाही.

रूपालीनं पोरीच्या तोंडातला खडू काढला. बराच वेळ तो हातात फिरवत राहिली.

"घेतो मी तुमची बॅच," ती म्हणाली. "पन दारातून डोकावाचं नाई. गावात राहाचंच नाई तुमी. पात देल्ली म्हन्जे बांधावर बसून हे असं कर, ते तसं कर म्हननं नाई."

पौर्णिमा चमकून बघायला लागली. पात हा शब्द तिनं पाटीवर लिहिलेला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, वावरात वाढलेल्या बार्शीटाकळीच्या पोरीला तो कोणी शिकवायला हवा होता?

राहता राहिले घरी जाऊन शिकवायचे लोक. त्यांत निवृत्त हेडमास्तर खुशालराव सगळ्यांत हट्टी. त्यांच्या गुडघ्यासाठी ती रोज जायची. तिनं पाटीवर व्यायाम लिहून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर घेतला.

"म्हणजे गृहपाठ?" ते म्हणाले. "मी आयुष्यभर पोरांना दिला. मला कोणी दिला नव्हता. पण मॅडम, एक सांगू का? तुम्ही रोज येऊन माझा पाय उचलता. माझा पाय आहे, मला उचलू द्या की. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरांना किती येतं, तेच खरं येतं."

दोन आठवडे पौर्णिमा माहेरी राहिली. पहिले तीन-चार दिवस हात मोबाइलकडे जायचा आणि ती तो उशीखाली ढकलायची. नंतर मात्र निंदणाच्या रेषेत तीही बसू लागली. बायका गाणं म्हणायच्या, ही नुसती मान डोलवायची. संध्याकाळी अंगणात बसलं की आपण गप्प असताना माणसं किती बोलतात, याचं तिला नवल वाटायचं. आईनं कधी न सांगितलेल्या गोष्टी त्या दिवसांत सांगितल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. गाठी पुष्कळ बसल्या होत्या. "बोला, पण हळू. पुन्हा तसं ओरडायचं नाही. कधीच नाही." पौर्णिमानं हो म्हटलं. आपलाच आवाज तिला पाहुण्यासारखा वाटला. पण हळू बोलून तो हॉल चालायचा कसा, हे कोडं होतंच.

सोमवारी पहाटे ती हॉलच्या जिन्यात पोचली आणि थबकली. वरून आवाज येत होता, "एक... दोन... तीन..." पण तो रूपालीचा नव्हता. सगळ्या बायका मिळून मोजत होत्या. ती वर गेली. रूपाली पुढे उभीच नव्हती. ती रांगांमधून फिरत होती, कोणाच्या पाठीवर नुसता हात ठेवत होती, कोणाचा पाय बोटानं सरळ करत होती. साधनाताई पहिल्या रांगेत ताठ बसून सगळ्यांत मोठ्यानं मोजत होत्या.

"हे काय?" पौर्णिमानं हळूच विचारलं.

"मले कोनाचं नाव येत नोतं," रूपाली म्हणाली. "नाव माईत नसन तर ओरडू कोनावर? म्हटलं, तुमीच मोजा बायांनो, मी पायतो. मोजनारी बाई बोलत नाई, अन् श्वासबी रोखत नाई. अन् हे आरती, माह्याकडं येतो म्हन्ते, घर जवळ पडते म्हने. मी म्हटलं, आधी तुह्या मॅडमसंग बोल."

आरती मान खाली घालून उभी होती. पौर्णिमानं तिच्या रिकाम्या होणाऱ्या चटईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "जा. पाठ वाकडी झाली तर रूपालीले सांगजो, तिचा हात माह्या आवाजापेक्षा बरा हाये." सगळ्या हसल्या. रूपालीनं आपली चटई गुंडाळली आणि पौर्णिमासाठी जागा सोडून ती जिना उतरून गेली. पौर्णिमा रांगांमध्ये उतरली. त्या दिवसापासून गल्लीतल्या लोकांचा चहा बायकांच्या मोजण्यावर चढू लागला.

मार्गशीर्षात रूपालीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. ती आठवडाभर बार्शीटाकळीला गेली आणि पौर्णिमा दोन बॅचच्या मधल्या वेळात तिच्या क्लासवर उभी राहिली. तेव्हाच चौकात एक नवी चकचकीत जिम उघडली होती, आणि पौर्णिमाच्या हॉलमधल्या काही चटया रोज रिकाम्या राहत होत्या. त्या आठवड्यात रूपालीच्या क्लासची एक नवी बाई, उत्साही, दोन मैत्रिणींना सोबत आणणारी, घाम पुसत तिच्याजवळ आली.

"मॅडम, मले तुमचं शिकवनं लय आवडलं. आमी तिघी तुमच्याच हॉलवर आलो तर चालन का?"

दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर पौर्णिमानं गोड हसून 'या की' म्हटलं होतं. रिकाम्या चटया आत्ताही तिच्या डोळ्यांसमोर होत्या. ती क्षणभर गप्प राहिली. गप्प राहायची तिला आता सवय झाली होती.

"रूपाली सोमवारी येते," ती म्हणाली. "तिच्यासमोर बोलू आपन. तवरोक तुमची जागा इथंच."

ती बाई थोडी हिरमुसली आणि आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. पौर्णिमा तिच्या मागे गेली, तिच्या पाठीवर हात टेकवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चला बायांनो, मोजा."